क्लॅम्प फिक्स्चरवर होता, फाइलमध्ये नव्हता : एका टूमस्टोन फिक्स्चरचं प्रकरण

हे प्रकरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या युनिटमधलं आहे; तिथे फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब (कापायचा पार्ट) पक्का धरून ठेवणारी साधनं, बनतात. तिथल्या डिझाइन विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ग्राहक, जॉब आणि काही मापं ओळखू येऊ नयेत म्हणून बदलली आहेत. बाकी घडलं तसं लिहितोय. मोठी असेंब्ली (अनेक पार्ट जोडून बनवलेलं कॉम्प्युटरवरचं मॉडेल) हाताळताना ‘हा पार्ट जरा लपव’ हे आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, आणि त्या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. ते आम्हाला एक क्लॅम्प वाकल्यावर कळलं.

पार्श्वभूमी

आमच्याकडे डिझाइनला तिघं, प्रोग्रामिंगला एक, टूलरूम आणि मशीन धरून आणखी दहा-बारा माणसं. बेळगाव परिसरात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे आमचं बरंचसं काम कास्टिंग धरून ठेवणाऱ्या मशीनिंग फिक्स्चरचंच असतं. पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्सची हाउसिंग, व्हॉल्व्ह.

हे काम एफजी २६० ग्रेडच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) एका गिअरबॉक्स हाउसिंगचं होतं. हॉरिझाँटल मशीनिंग सेंटरवर चार बाजूंचा टूमस्टोन, म्हणजे उभा चौकोनी खांब, प्रत्येक बाजूला एक जॉब. लोकेशन नेहमीचं ३-२-१: खाली तीन रेस्ट पॅड, एका बाजूला दोन लोकेटर, दुसऱ्या बाजूला एक. धरायला प्रत्येक बाजूला चार हायड्रॉलिक स्विंग क्लॅम्प. हाउसिंगची भिंत पातळ, कटिंगच्या दाबाने थरथरायची भीती, म्हणून तिच्यामागे दोन वर्क सपोर्ट. म्हणजे चार बाजूंचे मिळून १६ क्लॅम्प आणि ८ सपोर्ट. बोल्ट, वॉशर, डॉवेल, फिटिंग सगळं मोजलं तर असेंब्ली हजारांच्या वर गेली.

डिझाइनला आम्ही सॉलिडवर्क्स हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरतो. ही फाइल उघडायला सहा मिनिटं लागायची. एखादा लोकेटर दोन मिलिमीटर हलवला की रीबिल्ड होईपर्यंत, म्हणजे मॉडेल नव्याने जुळून येईपर्यंत, चहा सांगून यावं.

अडचण कुठून सुरू झाली

फाइल जड झाली की डिझाइनर आपापला मार्ग काढतो. आमच्याकडे तीन माणसांचे तीन मार्ग होते.

सर्वांत नवा मुलगा माऊस पार्टवर नेऊन टॅब दाबायचा. पार्ट दिसेनासा होतो, मागचं दिसतं. दुसरा ‘आयसोलेट’ वापरायचा, म्हणजे निवडलेलं तेवढं समोर राहतं आणि बाकीचं बाजूला. तिसरा आमच्यातला सर्वांत अनुभवी. त्याने स्वतःच्या सोयीसाठी एक वेगळं कॉन्फिगरेशन (त्याच फाइलमध्ये साठवलेली मॉडेलची दुसरी आवृत्ती) बनवलं आणि त्यात सोळाही क्लॅम्प, आठही सपोर्ट आणि त्यांचे सगळे बोल्ट सप्रेस केले. नाव ठेवलं ‘लाइट’. बेस प्लेटवर काम करायला ते खरोखर सोयीचं होतं. फाइल झटकन उघडायची.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण याच फरकावर उभं आहे. लपवलेला म्हणजे हाइड केलेला पार्ट डोळ्यांना दिसत नाही, पण असेंब्लीत तो असतो. मेमरीत असतो, त्याचे मेट (बाकी पार्टशी असलेली जोडणी) सुटत नाहीत, वजनात धरला जातो, बीओएमच्या (लागणाऱ्या पार्टच्या यादीच्या) तक्त्यात येतो. सप्रेस केलेला पार्ट त्या कॉन्फिगरेशनपुरता नसतोच. मेमरीत नाही, वजनात नाही, त्याचे मेट बंद, तक्त्यात नाही, इंटरफिअरन्स (पार्ट एकमेकांत घुसतात का याच्या) तपासणीत नाही, आणि त्या कॉन्फिगरेशनमधून स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी मॉडेलची फाइल) काढली तर तिच्यातही नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे दोन्ही दिसत नाहीत. ट्रीमधल्या (स्क्रीनच्या कडेच्या पार्टच्या यादीतल्या) चिन्हाचा रंग सोडला तर समोर बसलेल्या माणसाला फरक कळत नाही.

आणि आमच्या बोलण्यात दोन्हीला शब्द एकच होता: ‘ऑफ कर.’

पहिली खूण, जी आम्ही सोडून दिली

ट्रायलच्या दोन आठवडे आधी आमचे फिटर मामा पार्टची यादी घेऊन वर आले. मामा येळ्ळूरचे, या धंद्यात तीस वर्षं. त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, “सर, सपोर्ट कुठे लिहिलेत? प्लेटला भोकं आहेत, यादीत सपोर्टच नाहीत की.”

बघितलं तर खरंच नव्हते. ड्रॉइंगवरचा तक्ता ‘लाइट’ कॉन्फिगरेशनवर बांधला गेला होता. क्लॅम्पही तक्त्यात नव्हते, पण ते यायला वेळ लागतो म्हणून कोटेशनच्या वेळीच मागवले होते आणि स्टोअरमध्ये येऊन पडले होते. त्यामुळे त्यांची उणीव कुणाला भासली नाही.

मी काय केलं? पेन काढलं, यादीच्या खाली हाताने ‘वर्क सपोर्ट – ८ नग’ लिहिलं आणि पर्चेसला फोन केला. गणपतीच्या सुट्टीआधी ट्रायल द्यायची होती. यादीतली चूक यादीत दुरुस्त केली आणि विषय संपला असं मला वाटलं. आठ पार्ट एकदम आपोआप गळत नसतात, त्यामागे काहीतरी एक कारण असणार, हे विचारायचं सुचलं नाही. या सगळ्या प्रकरणात निर्णयाची जागा म्हणून मी बोट ठेवेन ते इथेच. त्या दिवशी पाच मिनिटं फाइल उघडून पाहिली असती तर पुढचं टळलं असतं.

ट्रायलचा दिवस

प्रोग्रामरने फिक्स्चरची स्टेप फाइल मागितली होती. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या वेळी जे कॉन्फिगरेशन चालू होतं तेच गेलं: ‘लाइट’. प्रोग्रामरला बेस प्लेट, पॅड, लोकेटर आणि जॉब मिळाले. त्याने सिम्युलेशन नीट चालवलं. धडक कुठेच दाखवली नाही, कारण धडकायला तिथे काही नव्हतंच.

हाउसिंगच्या वरच्या फेसला ८० मिलिमीटरचा फेस मिल (सपाट पृष्ठभाग कापणारा कटर) होता. पास संपल्यावर कटर जॉबच्या कडेबाहेर निघून मग मागे सरकायचा. प्रोग्रामरच्या दृष्टीने ती बाहेरची जागा मोकळी होती. प्रत्यक्षात तिथे क्रमांक तीनच्या क्लॅम्पचा हात होता.

पहिला जॉब, फीड अर्ध्यावर, सेटरचा अंगठा फीड होल्डवर, सिंगल ब्लॉक चालू. सिंगल ब्लॉकचा इथे उपयोग होत नाही, कारण ब्लॉक पूर्ण झाल्यावर मशीन थांबतं, मध्ये नाही. सेटरने अंतर कमी होताना बघितलं आणि दाबलं, पण कटरचा इन्सर्ट (बदलता येणारं पातं) तोवर क्लॅम्पच्या हाताच्या कोपऱ्याला लागला होता. ठक्क असा एकच कोरडा आवाज. दोन इन्सर्ट फुटले, क्लॅम्पचा हात वाकला. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल लावून डायल फिरवला तेव्हा रनआउट (फिरतानाचा डगमगाट) पहिल्यासारखाच आला. तेवढ्यावर निभावलं.

प्रोग्रामर धावत खाली आला. वाकलेला हात बघून म्हणाला, “हा क्लॅम्प मला कुणी दिलाच नाही हो.” आणि ते खरं होतं.

कोणते मार्ग समोर होते

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एका टेबलाभोवती बसलो. डिझाइन, प्रोग्रामिंग, मामा आणि मशीनचा ऑपरेटर. ऑपरेटर बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. मराठी त्याला समजतं, तपशिलाचं बोलणं कन्नडमध्ये होतं. चर्चा दोन्ही भाषांत झाली, आमच्याकडे नेहमीच होते तशी.

अनुभवी डिझाइनरचं म्हणणं: मूळ दुखणं फाइल जड असण्याचं आहे. १६ जीबीऐवजी ६४ जीबी रॅम द्या, मग ‘लाइट’ कॉन्फिगरेशनची गरजच राहणार नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. माणूस आडमार्ग धरतो तो सरळ रस्ता अडला म्हणूनच. पण रॅम वाढवल्याने असेंब्लीत काय आहे आणि काय नाही याचा घोळ सुटत नव्हता.

प्रोग्रामरचं म्हणणं: सप्रेस करण्यावर बंदी घाला, फक्त हाइड करा. ऐकायला सोपं. पण हाइड केलेला पार्ट मेमरीत राहतोच, चित्र हलकं होतं पण फाइल होत नाही. शिवाय क्लॅम्पच्या दोन अवस्था दाखवायच्या तर कॉन्फिगरेशन लागतंच. स्विंग क्लॅम्पचा हात आधी वर उचलतो आणि मग नव्वद अंशात फिरतो. बंद असताना तो एका जागी, उघडा असताना वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या दिशेला. डिस्प्ले स्टेट म्हणजे नाव देऊन साठवलेलं दृश्य; त्यात पार्टचं दिसणं, रंग, पारदर्शकपणा एवढं साठवता येतं, पार्टची जागा साठवता येत नाही. जागेसाठी कॉन्फिगरेशन हवंच.

मामांना मॉडेलशी देणंघेणं नव्हतं. त्यांना ए-३ कागदावर चित्र हवं होतं, क्लॅम्प उघडे असतानाचं, कुठला उजवीकडे फिरतो आणि कुठला डावीकडे ते दाखवणारं. खरं सांगायचं तर सर्वांत नेमकी मागणी त्यांचीच होती. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर देणारं एक दृश्य हवं होतं.

माझं मत त्या कागदामुळे बनलं. प्रत्येक माणूस फिक्स्चरला वेगळा प्रश्न विचारतो. प्रोग्रामर विचारतो कटर कुठे अडेल. मामा विचारतात काय आधी बसवायचं. ऑपरेटर विचारतो जॉब कुठून आत घालू. प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेलं दृश्य हवं, नावानिशी, आणि ते कुणा एकाच्या सवयीवर सोडायचं नाही.

काय केलं

आधी वजन उतरवलं. पुरवठादाराच्या साइटवरून घेतलेलं स्विंग क्लॅम्पचं मॉडेल उघडून बघितलं, तर त्यात पिस्टन, सील, स्प्रिंग सगळं होतं, आणि बाहेरच्या आट्यांचं हेलिक्सही खरं कापलेलं. हे सोळा वेळा. आम्हाला लागतो फक्त बाहेरचा आकार, हात आणि माउंटिंगची भोकं. बॉडी आणि हात असे दोनच पार्ट ठेवून नवं मॉडेल केलं, आटे कॉस्मेटिक, म्हणजे नुसते दाखवण्यापुरते, केले. सपोर्टचंही तसंच. बोल्टांवरचे आटेही काढले.

मग टूमस्टोनच्या चार बाजू. आधी आम्ही चारही बाजू सुट्या सुट्या, कॉपी करून उभ्या केल्या होत्या. एका बाजूला बदल केला की उरलेल्या तिन्हींवर हाताने करावा लागायचा. आता एक बाजू म्हणजे एक सब-असेंब्ली, आणि तीच चार वेळा बसवलेली. लोकेटर एकदा हलवला की चारही ठिकाणी हलतो.

त्यानंतर नियम, तोही थोडक्यात: फिक्स्चरमध्ये खरोखर काही बदलत असेल तरच कॉन्फिगरेशन. आमच्या बाबतीत बदलतात फक्त क्लॅम्प, म्हणून दोनच कॉन्फिगरेशनं: ‘क्लोज’ आणि ‘ओपन’. कामापुरतं काही सप्रेस करायचं असेल तर फाइलची प्रत घेऊन तिच्यात करा, मूळ फाइलमध्ये नाही. बाकी जे काही दिसणं-न दिसणं आहे ते डिस्प्ले स्टेटमध्ये. त्या स्टेट पाच झाल्या: सगळं, लोकेटिंग, हायड्रॉलिक, लोडिंग आणि प्रोग्रामिंग. नावं मराठीत ठेवावीत असं एकाने सुचवलं होतं. ऑपरेटरला आणि पुढे येणाऱ्या माणसाला वाचता यावीत म्हणून कारखान्यात आधीपासून चालणारे शब्दच ठेवले. प्रत्येक स्टेटचं छोटं चित्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लावलं.

इथे एकदा चुकलो. डिस्प्ले स्टेट कॉन्फिगरेशनला जोडण्याची खूण सुरुवातीला चालू ठेवली होती. त्यामुळे ‘क्लोज’च्या पाच वेगळ्या आणि ‘ओपन’च्या पाच वेगळ्या झाल्या, आणि एकीत केलेला बदल दुसरीत दिसेना. खूण काढल्यावर पाचही स्टेट दोन्ही कॉन्फिगरेशनांना मिळाल्या. लहान गोष्ट, पण दोन दिवस गेले.

जॉबच्या दिसण्याचा प्रश्नही याच वेळी वर आला. आमच्या असेंब्लीत जॉब म्हणून ग्राहकाने दिलेलं तयार हाउसिंग होतं, मशीनिंग झाल्यानंतरचं. पण क्लॅम्प बसतो तो कच्च्या कास्टिंगवर. त्यावर मशीनिंगचा अलाउन्स (कापायला ठेवलेला जादा धातू) असतो, ड्राफ्ट (साच्यातून निघायला दिलेला उतार) असतो, आणि पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, फाउंड्रीने फेटलिंग (साफसफाई) केल्यानंतरही धातूची थोडी उंच कड राहू शकते. लोडिंगच्या दृश्यात कच्चं कास्टिंग दिसायला हवं, प्रोग्रामिंगच्या दृश्यात दोन्ही, कच्चं पारदर्शक. कच्च्या कास्टिंगचं मॉडेल फाउंड्रीकडून मागवलं. ते असेंब्लीत बसवल्यावर दिसलं की एक लोकेटर जवळजवळ पार्टिंग लाइनवरच टेकतोय. तो आठ मिलिमीटर खाली घेतला. हे आधी कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं, कारण तयार हाउसिंगला पार्टिंग लाइनच नसते. जॉब आणि टूमस्टोन हे दोन्ही एन्व्हलप म्हणून ठेवले, म्हणजे दिसतील पण आमच्या यादीत येणार नाहीत.

शेवटी फाइल बाहेर देण्याआधीची तपासणी. ‘क्लोज’ चालू आहे का ते बघायचं. सप्रेस केलेला एकही पार्ट उरला नाही ना ते बघायचं. इंटरफिअरन्स तपासणीत लपवलेले पार्ट वगळण्याची खूण काढून टाकायची, नाहीतर लपवलेला क्लॅम्प तिथेही सुटतो. तक्त्यातली क्लॅम्प आणि सपोर्टची संख्या मामांना तोंडी सांगायची आणि त्यांच्या हिशेबाशी जुळवायची. प्रोग्रामरला दोन स्टेप फाइली: बंद क्लॅम्पची कटिंगसाठी, उघड्या क्लॅम्पची जॉब चढवताना काय अडेल ते पाहण्यासाठी. प्रोग्रामरने त्याच्या बाजूने कटर बाहेर निघण्याची दिशा बदलून क्लॅम्प नसलेल्या कडेला घेतली.

परिणाम

फाइल आता दीड-दोन मिनिटांत उघडते. याचं श्रेय डिस्प्ले स्टेटला नाही. ते हलक्या केलेल्या क्लॅम्पला आणि सब-असेंब्लीला आहे. डिस्प्ले स्टेटमुळे वेग वाढेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये, त्यांचा फायदा वेगळा आहे. आता दोन माणसं बोलताना ‘ऑफ’ म्हणत नाहीत. ‘लोकेटिंगमध्ये बघ’ म्हणतात आणि दोघांच्या स्क्रीनवर एकच चित्र असतं.

नवा क्लॅम्प हात आला, पुढच्या आठवड्यात ट्रायल परत घेतली, गणपतीनंतर. ग्राहकाला उशिराचं खरं कारण सांगितलं. त्यानंतरच्या दुसऱ्या फिक्स्चरला यादी आणि स्टोअर पहिल्याच फेरीत जुळले.

नव्या मुलाची टॅबची सवय गेलेली नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही. पटकन मागचं बघायला ती चांगलीच आहे. त्याला फक्त कंट्रोल-शिफ्ट-टॅब शिकवलं. ते दाबून धरलं की लपवलेले पार्ट तेवढ्यापुरते पारदर्शक दिसतात. काम संपवून फाइल बंद करण्याआधी तो ते एकदा दाबून बघतो.

काय वेगळं करता आलं असतं

मामांनी यादी आणली तेव्हा ती दुरुस्त करण्याआधी कारण शोधायला हवं होतं. हे वर लिहिलंय, पण परत लिहितो, कारण पुढच्या वेळीही घाईच असणार.

‘लाइट’ बनवणाऱ्या डिझाइनरला सुरुवातीला बोल लागले. ते चुकीचं होतं. त्याने स्वतःचं काम चालू ठेवण्यासाठी एक मार्ग काढला होता आणि तो कुणापासून लपवलाही नव्हता. फाइल जड होतेय हे आम्हाला सगळ्यांना महिनाभर माहीत होतं. ती हलकी करायला आम्ही पाऊण दिवस दिला नाही, म्हणून त्याने आपल्यापुरती केली. तो पाऊण दिवस द्यायचा निर्णय माझा होता, आणि मी तो घेतला नाही.

प्रोग्रामरला फाइल मेलवर टाकण्याऐवजी पाच मिनिटं शेजारी बसवून दाखवली असती, तर क्लॅम्प कुठे आहेत हे त्याने पहिल्या नजरेत विचारलं असतं. आता मोठ्या फिक्स्चरला तसं करतो. मामा आणि ऑपरेटरही असतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हायड्रॉलिकचे होज (तेलाच्या लवचिक नळ्या) आम्ही मॉडेलमध्ये काढत नाही, कारण फिटर ते जागेवर बघून फिरवतात. जे मॉडेलमध्येच नाही ते कुठल्याही स्टेटमध्ये दिसणार नाही आणि कुठल्याही तपासणीत सापडणार नाही. सध्या प्रत्येक बाजूला होज जाण्याच्या पट्ट्यात एक साधी चौकोनी ठोकळी ठेवतो, प्रोग्रामिंगच्या दृश्यात लाल रंगाची, एन्व्हलप म्हणून. ती किती जाड घ्यायची ते मामा सांगतात. मागच्या वेळी मी ३० मिलिमीटर धरली होती. त्यांनी प्लेटवर बोटं ठेवून होज वळतो ती जागा दाखवली आणि ४५ करायला लावली.